पाठीचा जमाखर्च : गंभीर दुखापतीनंतर व्यायामाकडे परतताना

बीडहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग बालाघाटाच्या डोंगरात मांजरसुंब्यास पोहोचला, की त्याला आणखी दोन वाटा येऊन मिळतात. एक केज-अंबाजोगाईकडे जाते, दुसरी पाटोद्यावरून अहिल्यानगरकडे. या चौफुलीवरून दिवसरात्र मालमोटारी धावतात. कापूस, सोयाबीन, तूर, किराणा आणि सिमेंट यांची ने-आण कधी थांबत नाही. अशा भागातील व्यापारी कुटुंबांत पाठीच्या दुखापतीची कारणे दूर शोधावी लागत नाहीत. घाटातील अपघात, गोदामाच्या शिडीवरून झालेली पडझड, पोते उचलताना एकाएकी सरकलेली मणक्यांमधील गादी, ओल्या फरशीवर घसरून वयस्कर स्त्रीच्या मणक्याला गेलेली चीर, यांपैकी एखादी घटना प्रत्येक मोठ्या घराने केव्हा ना केव्हा अनुभवलेली असते.

दुखापतीनंतरचे पहिले काही आठवडे निर्णय डॉक्टरांच्या हाती असतात. शस्त्रक्रिया करावयाची की नाही, पट्टा किती दिवस बांधावयाचा, अंथरुणातून केव्हा उठावयाचे, हे ते ठरवतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. टाके निघालेले असतात, भेटीला येणारी माणसे कमी झालेली असतात, दुकानातील हंगाम डोळ्यांपुढे असतो आणि पाठ अजून आपली वाटत नाही. या टप्प्यावर माणूस दोनपैकी एका चुकीकडे झुकतो. कोणी भीतीपोटी वर्षभर वाकत नाही, चालत नाही, आणि स्नायू गमावून बसतो. कोणी एका बऱ्या दिवसाच्या भरवशावर पोते उचलतो आणि पुन्हा अंथरुण धरतो.

दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. जो व्यापारी शंभर रुपयांची उधारी नोंदीवाचून देत नाही, तोच आपल्या पाठीची शक्ती मात्र कोणतीही नोंद न ठेवता खर्चतो, किंवा खर्चच करावयाचा नाही असे ठरवून ती कुजू देतो. गंभीर दुखापतीनंतर व्यायामाकडे परतण्याचा सुरक्षित मार्ग हा मुख्यतः हिशेबाचा मार्ग आहे. आज किती झेपले, उद्या सकाळी पाठीने काय उत्तर दिले, आणि त्यावरून परवा किती करावयाचे, एवढाच तो हिशेब.

पेटकर यांची सात वर्षे

या विषयात महाराष्ट्राला फार दूर पाहण्याची गरज नाही. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म 1944 साली सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. ते भारतीय लष्कराच्या विद्युत व यांत्रिक अभियंता दलात जवान होते आणि उत्तम मुष्टियोद्धे होते. 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांतील एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून राहिली. कमरेखालील शरीर निकामी झाले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, ‘अश्विनी’मध्ये, त्यांच्यावर उपचार झाले आणि तेथेच उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले.

पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे, तरी त्यातील वर्षांकडे लक्ष दिले पाहिजे. 1968 साली तेल अवीव येथील दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी 50 मीटर मुक्त शैलीतील जलतरण 37.33 सेकंदांत पूर्ण केले, विश्वविक्रम नोंदविला आणि भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. गोळी लागल्यापासून या दिवसापर्यंत सात वर्षे गेली होती. 2018 साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले आणि 2024 साली त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला.

चित्रपटात सात वर्षे काही मिनिटांत सरतात. प्रत्यक्षात ती एकेका दिवसाने सरली. शिवाय पेटकर ज्या खेळातून बाहेर पडले त्याच खेळात परतले नाहीत. मुष्टियुद्धाचे रिंगण मागे राहिले. ज्या स्नायूंवर सत्ता उरली होती त्यांना घेऊन ते पाण्यात उतरले, कारण पाणी शरीराचा भार पेलते. सामान्य रुग्णासाठी या चरित्रातील उपयोगी धडा हाच आहे. शिल्लक किती आहे ते आधी नीट मोजावे आणि त्या शिलकीतून व्यवहार सुरू करावा. दुखापतीपूर्वीचा आकडा मनात धरून बसणाऱ्याचा हिशेब कधी जुळत नाही.

विश्रांतीचा काळ आणि हालचालीचा काळ

मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण फार दिवस जगणार नाही, असे दुसऱ्या महायुद्धापर्यंत वैद्यकशास्त्रही मानून चालले होते. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात 1944 साली डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा जखमी सैनिकांचा विभाग हाती घेतला. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळविणे, आणि जेवढे स्नायू जिवंत आहेत तेवढ्यांना रोज काम देणे, हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. 29 जुलै 1948 रोजी त्यांनी 16 रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिम्पिकचा उगम तो. व्यायाम हा बरे झाल्यानंतरचा छंद नसून बरे होण्याचे साधन आहे, ही दृष्टी तेथून रुजली.

साध्या कंबरदुखीबाबतही हाच अनुभव आला. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला दोन दिवस पूर्ण विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम आणि तिसऱ्याला वेदना सोसेल तेवढी नित्याची कामे चालू ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. नित्याची कामे करणारा गट सर्वांत लवकर सावरला. मात्र हा अभ्यास अस्थिभंग किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांचा नव्हता, हे विसरू नये. मणका मोडलेल्या माणसाने हाड सांधेपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती आणि पट्टा पाळलाच पाहिजे. तो काळ संपल्यानंतरही अंथरुणाला चिकटून राहणे, हे मात्र औषध राहत नाही.

परवानगी म्हणजे काय

“आता थोडे थोडे चालायला लागा” एवढ्या वाक्यावर बहुतेक रुग्ण घरी परततात. व्यवहारात आपण अशा मोघम शब्दांवर सौदा करीत नाही. डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना काही प्रश्न नेमकेपणाने विचारावेत व उत्तरे लिहून घ्यावीत. हाड किंवा बसविलेला सांधा पुरेसा जुळला आहे काय, आणि ते क्ष-किरण चित्रात दिसते काय? पुढे वाकणे, मागे वाकणे आणि कमरेत पिळणे यांपैकी कोणती हालचाल वर्ज्य आहे आणि किती दिवस? किती किलो वजन उचलण्यास मुभा आहे? दुचाकीवर केव्हा बसावे? पट्टा दिवसातून किती वेळ बांधावा आणि केव्हा सोडावा?

प्रत्येक दुखापतीचे उत्तर वेगळे असते. कमरेत पाच मणके असतात आणि सरकलेल्या गादीच्या तक्रारी बहुधा त्यांतील खालच्या दोन जागी आढळतात. अशा रुग्णाला पुढे वाकण्याचा त्रास अधिक. वयोमानाने कंबरेचा मार्ग अरुंद झालेल्या रुग्णाला उलट पुढे झुकल्यावर बरे वाटते आणि ताठ चालल्यावर पाय भरून येतात. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेला पुढे वाकण्याचे आणि कमरेत पीळ देण्याचे व्यायाम धोक्याचे ठरू शकतात. दोन मणके सांध्याने जोडलेल्या रुग्णाचे हाड पक्के होण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून शेजारच्या गृहस्थांना लागू पडलेला व्यायाम आपल्याला लागू पडेलच असे नाही. मोबाइलवर आलेली चित्रफीत पाहून आसने सुरू करणे हे तर दुसऱ्याच्या खात्यावर आपला धनादेश वटविण्यासारखे आहे.

चालणे : पहिला हप्ता

जवळजवळ सर्व दुखापतींत परवानगीनंतरचा पहिला व्यायाम चालणे हाच असतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांनी कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या 701 व्यक्तींवर केलेली चाचणी 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली क्रमाक्रमाने चालणे वाढविणाऱ्यांच्या गटात दुखणे पुन्हा उलटण्याचा मध्यक कालावधी 208 दिवस होता. ज्यांना असे मार्गदर्शन नव्हते त्यांच्यात तो 112 दिवस होता. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा, प्रत्येकी अर्धा तास, एवढे चालणे गाठावयाचे होते. त्यासाठी कोणतेही यंत्र, व्यायामशाळा किंवा महागडी साधने लागली नाहीत.

ज्या समाजाचे साधू-साध्वी आयुष्यभर पायी विहार करतात त्या समाजाला चालण्याचे महत्त्व नव्याने सांगावयाचे नाही. तथापि येथे प्रमाण महत्त्वाचे. समजा, एखाद्या रुग्णाने पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या सुरू केल्या आणि पाठ साथ देत असेल तर दर आठवड्यास प्रत्येक फेरीत दोन मिनिटे वाढविली, तर तेराव्या आठवड्यात एक फेरी 29 मिनिटांची होईल. आकडा लहान दिसतो. चक्रवाढीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळेल.

चालण्याची जागाही निवडून घ्यावी. मांजरसुंब्याच्या परिसरात घाटाचा चढ आणि महामार्गाची कड या दोन्ही गोष्टी सुरुवातीस टाळाव्यात. उतारावर पाठीला धक्के बसतात आणि अंधारात रस्त्याच्या कडेने चालणे निरोगी माणसालाही धोक्याचे. शाळेचे मैदान, मंदिराचे प्रांगण, स्थानकाचे आवार किंवा सुटीच्या वेळचे बाजार समितीचे मोकळे पटांगण यांपैकी सपाट जागा पाहावी. पायात घसरणारी चप्पल नको. बरोबर कोणी असावे, पण त्याचा वेग आपला वेग समजू नये.

एक छोटी वही

या साऱ्याचा कणा म्हणजे एक छोटी वही. तिच्यात पाचच रकाने पुरेत : तारीख, चाललेली मिनिटे, केलेले व्यायाम, रात्रीची वेदना आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेदना. वेदना शून्य ते दहा या मापात लिहावी. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा. व्यायाम करताना थोडे दुखले आणि रात्रीतून शमले, तर तो व्यायाम पाठीला मानवला असे समजावे. सकाळी वेदना आदल्या दिवसाहून वाढलेली आढळली, तर कालचे प्रमाण जास्त झाले. अशा वेळी व्यायाम सोडून देऊ नये. मागच्या आठवड्याच्या प्रमाणावर परतावे आणि तेथून पुन्हा चढावे.

वेदना कोठे आहे हेही लिहावे. कमरेतील दुखणे मांडीतून पोटरीकडे, पोटरीतून पावलाकडे उतरू लागले तर ते वाईट चिन्ह. पायातील कळ हळूहळू वर सरकून कमरेपुरती उरली, तर कंबर थोडी अधिक दुखली तरी बहुधा सुधारणा चालू आहे.

वहीचा दुसरा लाभ मनाला होतो. लांबलेल्या आजारात माणसाला आपण आहोत तेथेच आहोत असे वाटते. चार आठवड्यांपूर्वीचे पान उलटले म्हणजे पाच मिनिटांची अकरा मिनिटे झालेली दिसतात. भीतीला उत्तर उपदेशाने मिळत नाही, स्वतःच्या हस्ताक्षरातील आकड्यांनी मिळते. डॉक्टरांपुढेही “बरे आहे” किंवा “फार त्रास आहे” असे सांगण्यापेक्षा ही वही ठेवलेली बरी.

कण्याभोवतीची माणसे

पाठीचा कणा एकटा उभा राहत नाही. पोटाचे, कुशीचे, नितंबांचे आणि पाठीचे स्नायू त्याला चहूबाजूंनी धरून असतात. दुखापतीनंतर हे स्नायू झपाट्याने क्षीण होतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्याच्या यांत्रिकीवर अनेक वर्षे काम केले. पाठीच्या स्नायूंची एकदाच मोठा जोर लावण्याची ताकद वाढविण्यापेक्षा त्यांची दीर्घकाळ टिकण्याची क्षमता वाढविणे हिताचे, हा त्यांचा आग्रह. त्यांनी सुचविलेल्या व्यायामांत हात व गुडघे टेकून एक हात व विरुद्ध बाजूचा पाय लांबविणे, कुशीवर कोपर टेकून कंबर उचलणे आणि उताणे पडून कण्याचा नैसर्गिक बाक न मोडता केवळ डोके व खांदे किंचित उचलणे, असे तीन प्रकार आहेत. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंदच धरावयाची, मग सैल सोडावयाचे. श्वास रोखावयाचा नाही. हे व्यायामही प्रथम फिजिओथेरपिस्टच्या देखत करून दाखवावेत.

वेळ निवडताना एक बारकावा ध्यानी घ्यावा. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्यामुळे पहाटे उठल्याबरोबर खोल वाकणे त्यांना अधिक ताण देते. सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन किंवा खाली वाकून केर काढणे ही कामे उठल्याबरोबर करू नयेत. प्रथम तासभर साधी हालचाल करावी. हलासन, शीर्षासन आणि विहिरीत उंचावरून मुटका मारणे या गोष्टी, पोहण्याची कितीही हौस असली तरी, दुखापतग्रस्त पाठीला वर्ज्यच समजाव्यात.

गादी आणि पोते

दुकानात परतणे हाही व्यायामच आहे, आणि बहुतेक घरांत तोच सर्वांत अविचाराने केला जातो. गादी-तक्क्यावर सलग चार तास बसणे सुरुवातीस टाळावे. पाठीला आधार देणारी खुर्ची घ्यावी, अर्ध्या तासाने उठावे, दोन मिनिटे दुकानात फिरावे. पहिल्या आठवड्यात दोन तास, दुसऱ्यात तीन, अशी हजेरी वाढवावी. दिवाळीचा हंगाम तोंडावर आहे म्हणून पहिल्याच दिवशी दहा तास बसणाऱ्याला तुळशीचे लग्न बहुधा अंथरुणावरून पाहावे लागते.

ओझ्याविषयी तर अधिक कठोर असले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली केलेल्या शिफारशीत धडधाकट प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलो धरली आहे. सिमेंटची किंवा साखरेची नेहमीची गोणी 50 किलोची असते, म्हणजे निरोगी माणसाच्या मर्यादेच्या अगदी लगत. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधील गादीतील दाब सुई घालून प्रत्यक्ष मोजला, तेव्हा पुढे वाकून वजन धरल्यावर तो उभे असतानापेक्षा पुष्कळ वाढतो असे आढळले. दुखापत झालेल्या मालकाने गोणीला हात न लावणेच शहाणपणाचे. हमालाची मजुरी शस्त्रक्रियेहून स्वस्त असते. हलकी वस्तू उचलतानाही ती छातीजवळ घ्यावी, वाकणे कमरेतून न करता गुडघे व खुब्यांतून करावे, आणि वजन हाती असताना कंबर न पिळता पावलांनी वळावे. रोज लागणारा माल गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली येईल अशा फळ्यांवर ठेवला, तर निम्मे वाकणे आपोआप टळते. हेच घरातील स्वयंपाकघरालाही लागू आहे. पिठाचा डबा ओट्याखाली आणि पाण्याची कळशी जमिनीवर असेल, तर गृहिणीची पाठ बरी कशी व्हावी?

धर्मक्रिया, उपवास आणि आहार

व्यायामाचा विचार करताना श्रावक-श्राविकांच्या दिनचर्येतील क्रिया वगळून चालणार नाही, कारण त्याही शरीरानेच होतात. एक सामायिक 48 मिनिटांची. एवढा वेळ जमिनीवर मांडी घालून बसणे पहिल्या काही महिन्यांत पाठीला झेपत नाही. खुर्चीवर किंवा भिंतीचा आधार घेऊन सामायिक करण्याविषयी गुरुमहाराजांना विचारावे. पंचांग वंदनेत गुडघे, हात व मस्तक टेकताना कंबर पूर्ण वाकते. तूर्त उभ्याने हात जोडून केलेली वंदना भावाने उणी ठरत नाही. कायोत्सर्ग मात्र रुग्णाला विशेष उपकारक. आचार्य महाप्रज्ञ यांनी मांडलेल्या प्रेक्षाध्यानात शरीर क्रमाक्रमाने शिथिल करण्यासाठी त्याचा उपयोग केला जातो, आणि वेदनेमुळे सतत आवळून धरलेले स्नायू सैल सोडण्यास ही सवय मदत करते.

उपवासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला अपाय होऊ शकतो. चौविहार उपवासात पाणीही नसल्याने मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. अशा गोळ्या चालू असताना किंवा हाड सांधण्याच्या काळात अठाईसारखी दीर्घ तपश्चर्या डॉक्टरांच्या व गुरूंच्या सल्ल्याशिवाय करू नये. हाडाला चुना आणि स्नायूला प्रथिने हवीत. दूध, दही, ताक, तीळ, नाचणी, राजगिरा, मूग, मटकी, हरभरा हे सारे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनात सहज बसणारे पदार्थ आहेत. जीवनसत्त्व बी-12 प्राणिज पदार्थांतूनच मिळत असल्याने शाकाहारी घरांत त्याची उणीव आढळते. दूध-दही न घेणाऱ्याला ती अधिक. तिच्यामुळेही पायांना मुंग्या येतात व बधिरता जाणवते. ही बधिरता मणक्याची की जीवनसत्त्वाची, हे रक्ततपासणीने पाहावे. तंबाखू व गुटखा यांचा त्याग येथे धर्माइतकाच वैद्यकाचाही आदेश आहे, कारण निकोटीन हाड सांधण्याच्या क्रियेत अडथळा आणते.

थांबण्याच्या खुणा

काही लक्षणे दिसताच वही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, पाऊल उचलता न येणे किंवा पायातील शक्ती वेगाने कमी होणे, यांत मज्जातंतू दाबले गेलेले असू शकतात आणि तासांचाही विलंब कायमचे नुकसान करू शकतो. ताप, शस्त्रक्रियेच्या जागी सूज वा स्राव, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना आणि अकारण घटणारे वजन, यांचीही तपासणी लांबवू नये. चार दिवस शेकून पाहू, मालिश करून पाहू, असे येथे चालत नाही. कंबर “बसविणाऱ्या” अनधिकृत माणसाकडे मोडलेला मणका नेणे म्हणजे अनर्थाला निमंत्रण.

घाईची किंमत

उत्तम डॉक्टर, उत्तम प्रशिक्षक आणि तरुण वय असूनही पाठीचा कालावधी कमी करता येत नाही, याचे उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. जसप्रीत बुमराह पाठीच्या दुखापतीमुळे 2022 च्या आशिया चषकास मुकला. 23 सप्टेंबर 2022 रोजी नागपूरच्या सामन्यात तो परतला. पण काही दिवसांतच दुखणे उलटले आणि विश्वचषकही हुकला. जानेवारी 2023 मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या मालिकेसाठी जाहीर झालेले त्याचे नाव मागे घेण्यात आले. मार्चमध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या दौऱ्यावर तो पुन्हा गोलंदाजी करू लागला. तेव्हापासून त्याने पुन्हा भरघोस यश मिळविले. देशाच्या अव्वल गोलंदाजाला जो वेळ द्यावा लागला, तो किराणा दुकानदाराला द्यावा लागू नये असे कोणते कारण आहे?

तीर्थयात्रेबाबतही हाच न्याय लावावा. बरे वाटू लागले, की घरात पालिताणा किंवा शिखरजीचा बेत ठरतो. शत्रुंजयाच्या पायऱ्या तीन हजारांहून अधिक, तर शिखरजीची वंदना सुमारे 27 किलोमीटरची. ज्याच्या वहीत अजून 15 मिनिटांची फेरी आहे त्याने हा बेत पुढील वर्षावर ठेवावा. प्रथम धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीसारखे जवळचे क्षेत्र निवडावे आणि चढणे-उतरणे पाठीला मानवते का ते पाहावे. मोठ्या यात्रेला जाणे झालेच, तर डोली घेण्यात कमीपणा मानू नये.

घरच्यांचे काम

शेवटी कुटुंबाविषयी. एकत्र घरात रुग्णाला प्रेमापोटी पाण्याचा पेलाही उचलू दिला जात नाही, किंवा दोन महिने झाले तरी उठत नाही म्हणून टोमणे ऐकावे लागतात. दोन्हींमुळे पाठ बरी होत नाही. दुकान धाकट्या भावाकडे गेले, की थोरल्याला आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते आणि त्या भावनेतून तो अकाली ओझे उचलतो. अशा माणसाला बसून करता येईल असे खरे काम द्यावे : वसुलीचे फोन, जीएसटीची कागदपत्रे, मालाची मागणी नोंदविणे. स्त्री रुग्ण असेल तर तिची विश्रांती स्वयंपाक आटोपल्यानंतर सुरू होत नाही, हे घरातील पुरुषांनी ध्यानी घ्यावे. तिच्या फेरीची वेळ ठरवावी आणि त्या वेळी घरकाम दुसऱ्याने उचलावे.

जैन परंपरेत या साऱ्याला एक जुना शब्द आहे : यतना. दशवैकालिक सूत्रात चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, जेवणे आणि बोलणे या सर्व क्रियांत ती सांगितली आहे. तिचा मुख्य हेतू दुसऱ्या जीवांना पीडा होऊ नये हा आहे. पण जपून टाकलेले पाऊल आणि जपून उचललेली वस्तू यांची सवय ज्याच्या अंगी मुरली, त्याच्या स्वतःच्या पाठीचेही त्यातच रक्षण होते. परवानगी मिळाल्याच्या दिवशी एक वही आणावी, पहिल्या पानावर डॉक्टरांची उत्तरे लिहावीत आणि दुसऱ्या पानावर पहिली पाच मिनिटे.